वाटसरूची नाडी कोणी पाहावी?

तंजावूरच्या राजवाड्यात आलेली माणसे बहुधा ठरलेल्या वाटेने फिरतात. दरबाराचे रंगवलेले खांब आणि कमानी, कलादालनातल्या चोळकालीन ब्राँझच्या मूर्ती, उंच मनोरा आणि शेवटी सरस्वती महाल ग्रंथालयाचे लहानसे संग्रहालय. महाराष्ट्रातून गेलेला पाहुणा मोडी अक्षर दिसले की थबकतो. कावेरीच्या मुलखात, इतक्या दक्षिणेत आपली लिपी पाहून त्याला भरून येते. धन्वंतरी महालाची, म्हणजे इथल्या जुन्या वैद्यशाळेची, चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. खरे तर दोनशे वर्षांपूर्वी याच राजवाड्याच्या आश्रयाने एक प्रश्न हाती घेतला गेला होता. तो आजही सुटलेला नाही, आणि निसर्गोपचाराचा तीन महिन्यांचा वर्ग लावावा की साडेपाच वर्षांची पदवी घ्यावी, असा विचार करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तो उभा राहतो. दुसऱ्याच्या देहावर उपचार करण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो?

धन्वंतरी महाल उभारणारे सरफोजीराजे भोसले, म्हणजे दुसरे सरफोजी, १७७७ मध्ये जन्मले आणि १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह झाला. मुलखाचा कारभार गेला. किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग एवढाच त्यांच्याकडे राहिला. उरलेली तेहतीस वर्षे या राजाने विद्येत घातली. लहानपणी ते श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकले, पण स्वधर्म त्यांनी सोडला नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये मराठीत कोरवून घेतला आणि पुढे मोठा लवाजमा घेऊन काशीयात्राही केली. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावुरास आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांची नावे राजाच्या बोलण्यात सहज येतात हे पाहून ते चकित झाले.

धन्वंतरी महालात आयुर्वेदाचे वैद्य होते, सिद्ध परंपरेचे वैद्य होते, युनानी हकीम होते आणि युरोपीय वैद्यकाची जाण असलेली माणसेही होती. माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात आणि रोगट डोळ्याचे रंगीत चित्र काढून त्या नोंदीला जोडले जाई. ही चित्रे आजही ग्रंथालयात जपलेली आहेत. गुण आलेल्या औषधांचे पाठ तमिळ पद्यात बांधले गेले आणि ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ग्रंथालयाने ते विसाव्या शतकात छापले. राजा स्वतः शस्त्रक्रिया करी, असे लोक आवडीने सांगतात. त्या कथेपेक्षा ती रंगीत चित्रे आणि नोंदी अधिक मोलाच्या आहेत. चित्र काढले की दुसरा वैद्य येऊन ते पाहू शकतो आणि ‘तुमचे निदान मला पटत नाही’ असे म्हणू शकतो. एकाच्या हातातली विद्या अनेकांच्या डोळ्यांपुढे मांडली जाते.

हे त्या काळी साधे नव्हते. सिद्ध वैद्यकाचे जुने ग्रंथ मुद्दाम गूढ भाषेत लिहिलेले असत. वनस्पतीचे किंवा धातूचे नाव असे घालायचे की गुरूजवळ बसल्याशिवाय अर्थ लागू नये. त्यामागे कंजूषपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पारा, गंधक, बचनाग यांच्याशी खेळणारी ती विद्या होती, आणि अपात्र माणसाच्या हाती ती पडली तर जीव जाईल ही भीती खरी होती. पण गुप्ततेचा दुसरा परिणामही तेवढाच खरा होता. गुरू चुकत असेल तर ते कोणालाच कळत नसे.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे यावे. निसर्गोपचार शिकायचा म्हटले तर त्याच्यापुढे बरीच दारे उघडी असतात. शनिवार-रविवारची कार्यशाळा, तीन किंवा सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, एका वर्षाची पदविका, त्यावरची प्रगत पदविका आणि टोकाला बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी, ज्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या उमेदवारीचे असते. चेन्नईतील अरुंबाक्कमला तमिळनाडू सरकारचे योग आणि निसर्गोपचाराचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात बापू भवनातील राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेत उपचार-साहाय्यक घडवणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालत आला आहे. मातीची पट्टी, कटिस्नान, वाफ, मालिश, एनिमा, सूर्यस्नान, उपवास, रसाहार हे विषय थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच असतात. फरक असतो तो शरीररचनाशास्त्र किती, शरीरक्रियाशास्त्र किती आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली रुग्णाजवळ किती तास, यांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये निसर्गोपचाराच्या शिक्षणासाठी किमान पातळी सुचवली: १५०० तास, आणि त्यांतले किमान ४०० तास देखरेखीखालचे प्रत्यक्ष रुग्णकाम.

तासांचा हिशोब आधुनिक वाटतो, पण त्यामागची कळकळ फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शिष्याला शस्त्र चालवायला शिकवण्याचा एक वेगळाच अध्याय आहे. कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर छेद घ्यायला शिकायचे. पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर हात बसवायचा. टाके कापडावर घालायचे. पट्ट्या बांधायच्या त्या माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर. सगळी शास्त्रे पाठ असली तरी हा सराव न केलेला माणूस कामाला अपात्र, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. आणि उलट, हात बसलेला आहे पण शास्त्र ठाऊक नाही, अशा माणसाला तर सुश्रुताने राजाकडून वधाची शिक्षा सांगितली आहे. शिक्षा भयंकर आहे. पण त्यातला मुद्दा आजही टळत नाही: मालिश उत्तम करणाऱ्या हाताला पोटरीतल्या सुजेखाली रक्ताची गुठळी असू शकते हे ठाऊक नसेल, तर त्याचे कौशल्यच रुग्णाला घातक ठरते.

चरकाने वैद्यांचे दोन वर्ग केले आहेत. प्राणाला पुढे नेणारे आणि रोगाला पुढे नेणारे. दुसऱ्या वर्गाचे त्याने केलेले वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, इतके ते ओळखीचे आहे. वैद्याचा वेष करून गावोगाव फिरणारे, कोणी आजारी आहे असे कळले की त्या घराभोवती घुटमळणारे, आपली कीर्ती त्याच्या कानावर जाईल असे मोठ्याने बोलणारे, आधीच्या वैद्याचे दोष काढणारे. आणि रुग्ण खचला की खापर त्याच्याच पथ्यावर फोडून निघून जाणारे. त्यांना कोणी गुरू विचारला तर सांगता येत नाही.

निसर्गोपचाराला यातले काही लागू नाही, असे अनेक विद्यार्थी मनापासून मानतात. माती आणि पाणी कोणाला अपाय करणार? चरक याच्या नेमके विरुद्ध उभा आहे. अज्ञात औषध विषासारखे, शस्त्रासारखे आणि अग्नीसारखे असते, आणि नीट जाणून वापरले तर तीव्र विषही उत्तम औषध होते, असे त्याचे म्हणणे. उपवासाचेच घ्या. धडधाकट माणसाला एक दिवसाचा उपवास सोसतो. पण इन्सुलिनवर असलेल्या मधुमेह्याला ते औषध तसेच चालू ठेवून उपवास करायला लावले, तर साखर इतकी खाली जाऊ शकते की तो बेशुद्ध पडेल. मधुमेह हा तंजावूरच्या त्या तमिळ वैद्यपाठांचाही विषय आहे. तिथेही आहार आणि औषध वेगळे काढलेले नाहीत. निसर्ग मवाळ आहे ही समजूत देवभोळी वाटली तरी आपल्या शास्त्रात तिला आधार नाही.

तरीही छोट्या वर्गाची बाजू आहे, आणि ती सर्वांत जोराने मांडली गांधीजींनी. त्यांचे पुण्याशी नाते या विषयापुरते तरी फार खोल आहे. डॉ. दिनशा मेहता यांच्या तिथल्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले, १९४५ मध्ये निघालेल्या विश्वस्त संस्थेचे अध्यक्ष झाले, पण शहरातल्या केंद्रात गरीब माणूस येणार नाही हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले, आठवडाभर राहिले, रुग्ण तपासले आणि आश्रम सुरू करून मणिभाई देसाईंच्या हाती सोपवला. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात १९४२ मध्ये त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात उपचारांची मांडणी पृथ्वी, पाणी, आकाश, तेज, वायू या पाच तत्त्वांवर आहे. रामनाम हा त्यांच्या लेखी उपचारांतला सर्वोच्च उपचार होता. पण हे रामनाम दुसऱ्याने म्हणून चालत नाही, हे विसरता कामा नये. गांधीजींचा निसर्गोपचार हा मुळात स्वतःवर करायचा उपचार होता. वैद्याने रुग्णाला असे शिकवून सोडायचे की त्याला पुन्हा वैद्याकडे यावे लागू नये. आणि याच गांधीजींनी जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. डॉक्टरांवर ‘हिंद स्वराज्य’मध्ये कडक टीका केलेल्या माणसाने देहाची ती वेळ ओळखली आणि योग्य हाताकडे देह सोपवला, यात त्यांची सचोटीच दिसते.

चरकानेही आयुर्वेदाची दोन कामे सांगितली आहेत: निरोगी माणसाचे आरोग्य राखणे आणि रोग्याचा रोग शमवणे. ही दोन कामे एकाच शास्त्राची असली तरी त्यांना लागणारा अधिकार एक नाही. पहिल्यासाठी तीन महिने पुरतात. कधी तीन आठवडेही पुरतात. काय खावे, केव्हा झोपावे, श्वास कसा घ्यावा, पोट बिघडले तर किती वेळ वाट पाहावी, हे घराघरात कळायलाच हवे. आजीबाईचा बटवा कोणत्या महाविद्यालयाने मान्य केला होता? दुसऱ्या कामासाठी मात्र साडेपाच वर्षेही कधी अपुरी पडतात. आजच्या अभ्यासक्रमांतला मोठा दोष त्यांच्या लहानपणात नाही. स्वतःपुरती विद्या शिकवून हातात दुसऱ्यावर उपचार करण्याचा परवाना दिल्यासारखा कागद दिला जातो, दोष तिथे आहे.

इथे श्रद्धेचा एक जुना आक्षेप येतो. आपल्याकडे म्हणतात, अमक्याच्या हाताला गुण आहे. कोणाच्या हातून बरे व्हायचे हे दैवात असते. मग पाच वर्षे शिकून तरी काय? हा आक्षेप अडाणी नाही. चरकसंहितेत अग्निवेश गुरूला जवळपास हेच विचारतो: आयुष्य ठरलेले असेल तर चिकित्सा कशासाठी? आत्रेयांचे उत्तर असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बळाबळावर असते. सगळे नियत असते तर साप टाळायचे, माजलेल्या हत्तीपासून दूर राहायचे कारणच उरले नसते. म्हणजे प्रयत्नाला जागा आहे, आणि जागा आहे म्हणून जबाबदारीही आहे. सिद्धी ही मात्रा, काळ आणि योजना यांवर उभी असते, असे तो ग्रंथ पुन्हा पुन्हा बजावतो. हातगुणाची भाषा रुग्णाने कृतज्ञतेने वापरावी. वैद्याने ती स्वतःबद्दल वापरली तर आपले अपयश दैवाच्या खात्यात टाकण्याची सोय त्याला मिळते.

पण मग अधिकार देणार कोण? जुन्या काळी तो पुष्कळदा कुळाने ठरे. सुश्रुताने शिष्य कोणत्या वर्णाचा असावा हे सांगितले आहे, आणि शूद्रालाही मंत्र व उपनयन वगळून शिकवावे असे काहींचे मत नोंदवले आहे. ‘काहींचे मत’ एवढीच फट. सुईणी, हाडवैद्य, जळवा लावणारे यांचे ज्ञान शास्त्राच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. आज कोणत्याही जातीची मुलगी बारावीनंतर परीक्षा देऊन निसर्गोपचाराच्या महाविद्यालयात जाऊ शकते, ही धर्मदृष्ट्या फार मोठी गोष्ट आहे, आणि गुरुकुलाच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांनी ती आधी मान्य करावी.

गुरुकुलातली एक गोष्ट मात्र महाविद्यालयाने घ्यायला हवी होती, ती राहून गेली. दीक्षेच्या वेळी शिष्य शपथ घेई, हे सर्वांना ठाऊक असते. सुश्रुताकडे गुरूही शपथ घेतो: तू नीट वागलास आणि तरी मी तुझ्याशी अन्यथा वागलो, तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो. शिकवणाऱ्याने स्वतःला बांधून घ्यायचे आणि मगच शिष्याला बांधायचे. प्रगत पदविका देणाऱ्या किती संस्था असे काही लिहून देतात?

सुश्रुत आणखी एक अट घालतो. शास्त्र वाचून, अर्थ समजून, कर्म पाहून आणि करून झाल्यावरही वैद्याने गावात व्यवसायाला उतरण्याआधी राजाची अनुज्ञा घ्यावी. ही अट नुसती सरकारी वाटेल, पण तंजावूरच्या छत्रांकडे पाहिले की तिचा अर्थ उलगडतो. भोसले राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अन्नछत्रे बांधली होती. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले. त्यात छत्रांचे सगळे काम मांडले आहे: येईल त्याला अन्न, मुलांसाठी शिक्षक, आजारी वाटसरूसाठी वैद्य, तो बरा होईपर्यंत पथ्यपाणी, आणि वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सर्व व्यवस्था. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडला मुक्तांबाछत्र उभे राहिले.

त्या छत्रात तापाने पडलेला यात्रेकरू कोण असेल? सातारा-पंढरपूरकडचा असेल, तेलंगणातला असेल. समोरच्या वैद्याची भाषा त्याला येत नाही. वैद्याचे कूळ, गुरू, आजवर किती बरे केले, किती दगावले, काहीच ठाऊक नाही. गावात वैद्याची पारख तीन पिढ्यांच्या ओळखीतून होते. इथे ती होऊच शकत नाही. तरीही तो हात पुढे करतो आणि नाडी दाखवतो, कारण छत्र राजाचे आहे. त्या वैद्यामागे राजा उभा आहे.

प्रमाणपत्राचा नैतिक अर्थ एवढाच, आणि तो लहान नाही. अनोळखी माणसाला दिलेले ते वचन असते. आज आपण सगळेच एकमेकांच्या छत्रात उतरलेले वाटसरू आहोत. पुण्यातला माणूस बंगळुरात आजारी पडतो आणि भिंतीवरचा चौकटीतला कागद पाहून खुर्चीत बसतो. त्या कागदावरच्या संस्थेने खरोखर काही पाहिले आहे का, तपासले आहे का, तक्रार आली तर ती उभी राहणार आहे का, यावर सगळे अवलंबून आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांच्यासाठी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग नेमला. निसर्गोपचार त्यात नाही. काही राज्यांनी आपापली नोंदणी ठेवली आहे, पण देशभराची एक व्यवस्था नाही. म्हणून कोणाचे वचन खरे आणि कोणाचे पोकळ, हे वाटसरूला कळायला मार्ग उरत नाही. साडेपाच वर्षे शिकलेल्या मुलीवर यात सर्वांत मोठा अन्याय होतो, कारण दारावरच्या पाटीवर ती आणि तीन महिन्यांचा वर्ग केलेला माणूस सारखेच दिसतात.

न्यायालयाने दोन बाजूंनी या प्रश्नाला हात घातला आहे. होमिओपॅथीच्या नोंदणीकृत डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली, तर आपल्या विद्येची सीमा ओलांडणे हाच निष्काळजीपणा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात ठरवले. आणि २०१८ मध्ये केरळातल्या परंपरागत वैद्यांना त्याच न्यायालयाने सांगितले की मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी नसेल तर परंपरेच्या जोरावर वैद्यकी करता येणार नाही. वाटसरूच्या बाजूने पाहिले तर दोन्ही निकाल योग्य आहेत. सीमा कागदावरच छापलेली असावी, अशी मागणी त्यांतूनच पुढे येते: या अभ्यासक्रमाने काय करता येते, आणि काय मुळीच करू नये. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राला त्यात कमीपणा नाही. ‘हा माझ्या हातचा आजार नाही’ हे ओळखता येणे हीदेखील विद्या आहे, आणि चरकाने असाध्य रोग ओळखणे हे वैद्याचे शहाणपण मानले आहे.

दुसऱ्या निकालाने एक दुखणे मात्र तसेच ठेवले. कायद्याच्या बाहेर गेलेल्या हाडवैद्यांच्या, वर्मम्, म्हणजे देहातली मर्मस्थाने, जाणणाऱ्या वृद्धांच्या, तंजावूरच्या बाजारात नाट्टु मरुंदु, म्हणजे गावठी औषधे विकणाऱ्यांच्या अनुभवाचे काय? त्यांना उपचाराची मोकळीक देणे आता शक्य नाही आणि योग्यही नाही. त्यांच्याजवळ बसणे मात्र शक्य आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशा एखाद्या माणसाला काय ठाऊक आहे, कोणत्या पाल्याची मात्रा तो किती सांगतो, कोणाला गुण आला आणि कोणाला आला नाही, हे चित्रांसह टिपून आणावे. मग महाविद्यालयाने ते सिद्ध वैद्य, आयुर्वेदाचे वैद्य आणि रुग्णालयातले डॉक्टर अशा तिघांपुढे ठेवावे. प्रगत पदविकेच्या प्रबंधासाठी याहून गरजेचा विषय शोधून सापडणार नाही, आणि त्यासाठी लागणारा नमुना धन्वंतरी महालाच्या मोडी आणि तमिळ कागदांत तयार आहे.